मोठा कॅमेरा घरी ठेवा, वडिलांचा हात धरा

प्रश्न : मी बरीच वर्षं हौसेनं फोटो काढते. लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर कॅमेरा, दोन झूम लेन्स आणि एक ५० मिमीची बिनझूमची लेन्स असं माझं किट आहे. लवकरच वडिलांना घेऊन तीन आठवड्यांच्या प्रवासाला निघायचं आहे. ते पंचाहत्तरीचे आहेत, हळू चालतात, आणि त्यांचं सामानही माझ्याच खांद्यावर असणार. मागच्या प्रवासात कॅमेरा निम्मा वेळ खोलीतच पडून राहिला आणि फोटो निघाले फोनवर. पडद्यावर ते छान दिसतात, पण अल्बमसाठी मोठे करून पाहिले की चेहरे मेणाचे वाटतात. म्हणून लेन्स अंगचीच असलेला छोटा, म्हणजे कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. एक इंची सेन्सर (म्हणजे प्रकाश टिपणारी चिप), त्याहून मोठा एपीएस-सी सेन्सर, झूमवाला, बिनझूमचा... वाचून वाचून डोकं भणभणायला लागलंय. कोणता घेऊ? तो घेतला तरी मोठा कॅमेरा सोबत न्यावा का? आणि तुमच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर अशा छोट्या कॅमेऱ्यावर खरंच विसंबतात का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हो, विसंबतात. कामाच्या दिवशी माझ्या खांद्यावर दोन मोठे कॅमेरे असतात, तरी खिशात एक कॉम्पॅक्ट असतोच. स्वतःच्या प्रवासाला निघालो की फक्त तोच असतो. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेचे इटालियन छायाचित्रकार ॲलेक्स माजोली यांनी २००३च्या आसपास ऑलिंपसचे पाच मेगापिक्सेलचे कॉम्पॅक्ट घेऊन काँगो आणि इराकमध्ये मासिकांसाठी काम केलं. जपानचे दाइदो मोरियामा वर्षानुवर्षं रिको कंपनीचा छोटा जीआर कॅमेरा घेऊन रस्त्यांवर हिंडत आले आहेत. आजचा कुठलाही बरा कॉम्पॅक्ट माजोलींच्या त्या कॅमेऱ्याच्या कितीतरी पुढे आहे.

मोठा कॅमेरा सोबत न्यायचा का? माझं स्पष्ट मत आहे, नेऊ नका. दोन्ही नेले की रोज सकाळी निघताना आज कोणता घ्यायचा हा प्रश्न उभा राहतो. दोन चार्जर, दोन प्रकारच्या बॅटऱ्या, दोन वेगळे मेन्यू आले. याहून वाईट म्हणजे छोट्या कॅमेऱ्यावर हात बसतच नाही, कारण जरा काही चांगलं दिसलं की मोठा आणला असता तर बरं झालं असतं असं मन म्हणत राहतं. पक्षी बघायला किंवा जंगलात निघाला असतात तर मी वेगळं सांगितलं असतं. तुम्ही वडिलांबरोबर निघाला आहात. तुमचा एक हात बहुतेक वेळ त्यांच्या हातात किंवा कोपराला असणार, म्हणजे कॅमेरा उरलेल्या एका हातानं खिशातून निघाला पाहिजे, सुरू झाला पाहिजे आणि त्याच हाताच्या तर्जनीनं फोटो निघाला पाहिजे. डीएसएलआरला हे जमत नाही.

कॉम्पॅक्टकडून एक गोष्ट मात्र मागू नका : लांबचं. डोंगरापलीकडचं शिखर, नदीच्या त्या काठावरचा माणूस, संध्याकाळच्या अंधारात धावणारं पोर, हे त्याला झेपत नाही. दहा पावलांच्या आतलं जग हा त्याचा प्रांत. समोर बसलेल्याचा चेहरा, खिडकीतून हातावर पडलेला उजेड, टेबलावर उघडा पडलेला नकाशा, आगगाडीच्या डब्यातली डुलकी, हे तो फार चांगलं टिपतो. तुमच्या या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तर तुमच्यापासून हातभर अंतरावर असणार आहे.

आता निवड. मॉडेलांची नावं काही काळ बाजूला ठेवा आणि आधी जुने फोटो उघडा. मागच्या दोन-तीन प्रवासांतले जे फोटो तुम्ही खरोखर अल्बममध्ये लावाल, तेवढेच निवडा. प्रत्येकाच्या तपशिलात फोकल लेन्थ नोंदलेली असते (लेन्स किती रुंद किंवा किती लांबचं बघते ते सांगणारा मिमीतला आकडा), ती बघा. तुमच्या डीएसएलआरचा सेन्सर एपीएस-सी असेल तर त्या आकड्याला दीडनं गुणा, कॅनन असेल तर १.६नं. येणारा आकडा कॉम्पॅक्टच्या जाहिरातीत लिहिलेल्या ३५ मिमी समतुल्य, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापात बसवलेल्या, आकड्याशी ताडून बघता येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी करायला लावतो. आपल्याला २०० मिमीशिवाय चालत नाही असं म्हणणाऱ्यांचे आवडते फोटो २८ आणि ५०च्या मध्ये निघतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. तुमचेही तिथेच निघाले तर निवड फार सोपी होते.

मेणाच्या चेहऱ्यांबद्दल. फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, नॉइज (म्हणजे फोटोतले दाणेदार ठिपके) पुसतो आणि मग कडा धारदार करतो. पुसण्याच्या त्या पायरीला त्वचेचा पोत आणि नॉइज यांतला फरक नीट कळत नाही. सुरकुत्या, दाढीचे पांढरे खुंट, भुवईतला एकेक केस, सगळं गुळगुळीत होतं. पंचाहत्तरीच्या चेहऱ्यातली सगळी गंमत तर तिथेच असते. कॉम्पॅक्टवर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल ठेवली, किंवा जेपेगमध्येच नॉइज रिडक्शन कमीत कमी केलं, की हा पोत वाचतो. सेन्सरचा आकारही कामी येतो. 'एक इंच' नावानं विकल्या जाणाऱ्या सेन्सरचं माप १३.२ × ८.८ मिमी असतं, एपीएस-सीचं साधारण २३.५ × १५.६. म्हणजे क्षेत्रफळात दुसरा पहिल्याच्या तिप्पट. आता काही फोनमध्येही एक इंची सेन्सर येतो, त्यामुळे फोनचं सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही. पण खरा ऑप्टिकल झूम, झेनॉनचा फ्लॅश, बोटाखाली जाणवणारं बटण आणि मनगटात अडकवायचा स्ट्रॅप या गोष्टी कॅमेऱ्यातच एकत्र मिळतात.

झूम हवा असेल तर सोनीची आरएक्स१०० मालिका बघा. पहिला २०१२ मध्ये आला. २०१४च्या तिसऱ्या मॉडेलपासून वर उघडणारा, डोळा लावून बघायचा छोटा व्ह्यूफाइंडर आणि २४-७० मिमी, एफ/१.८ ते २.८ अशी उजळ लेन्स मिळू लागली (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो). सहावं आणि सातवं मॉडेल २०१८ आणि २०१९चं. त्यांत झूम २४-२०० झाला, पण लेन्स एफ/२.८ ते ४.५ झाली. दुकानात हातात घेतल्यावर सगळे त्या २००च्या मोहात पडतात. मला मात्र प्रवासात तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या मॉडेलची उजळ लेन्स जास्त उपयोगी वाटते, कारण वडीलधाऱ्यांबरोबरचा प्रवास बराचसा घरांच्या, देवळांच्या, डब्यांच्या आत होतो आणि संध्याकाळ लवकर पडते. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ आणि ३ ची लेन्स २४-१००, एफ/१.८ ते २.८ आहे. चेहऱ्यांसाठी ती सुरेख, पण व्ह्यूफाइंडर नाही. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो तेव्हा व्ह्यूफाइंडरची किंमत कळते.

बिनझूमच्यांत माझा जीव रिकोच्या जीआरवर आहे. २०१९च्या जीआर ३ ची लेन्स २८ मिमी समतुल्य, २०२१च्या जीआर ३एक्सची ४०. दोन्हींत एपीएस-सी सेन्सर, वजन अडीचशे ग्रॅमच्या किंचित वर, आणि दोन्ही सदऱ्याच्या खिशात मावतात. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेची सुरुवात २०११ची. ३५ मिमी समतुल्य एफ/२ लेन्स, अप्रतिम रंग आणि देखणा व्ह्यूफाइंडर. पण २०२४च्या एक्स१०० व्हीआयचं वजन ५२१ ग्रॅम आहे. तो गळ्यात राहतो, खिशात नाही, आणि तुमची मूळ तक्रार ओझ्याचीच आहे. ऑलिंपस टीजी-६सारखे पाण्यात चालणारे कॅमेरे १५ मीटर खोलीपर्यंत टिकतात, पण त्यांचा सेन्सर फारच छोटा असतो. पाण्यात उतरणार नसाल तर त्यांचा विचार सोडा.

तुमच्या पत्रावरून मला दोनच पर्याय दिसतात. जुन्या फोटोंचे आकडे २४ ते ७० असे पसरलेले निघाले तर आरएक्स१००चं तिसरं ते पाचवं यांपैकी एक. ते ३५ ते ५०च्या आसपास एकवटलेले निघाले तर जीआर ३एक्स. तुमच्याकडे ५० मिमी आहे आणि तुम्ही चेहऱ्यांबद्दल लिहिलंय, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. ४० मिमीवरून दीड-दोन मीटरवरचा माणूस आणि त्याच्यामागची जागा दोन्ही नीट येतात, आणि नाक मोठं, कान लहान असं होत नाही, जे २४वर जवळ गेलं की हमखास होतं. जीआर ३ मालिकेत फ्लॅश आणि व्ह्यूफाइंडर दोन्ही नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवून घ्या.

फ्लॅशबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण कॉम्पॅक्टचा हा गुण फार थोडे लोक वापरतात. यांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्ये असतं. डीएसएलआरचा फ्लॅश साधारण १/२००-१/२५० सेकंदाहून वेगवान शटरशी जुळत नाही, इथे तो १/१०००वरसुद्धा जुळतो. भर दुपारी वडिलांनी टोपी घातली आहे, डोळ्यांवर काळी सावली आहे, मागे लख्ख आकाश आहे. अशा वेळी शटरचा वेग वर न्या म्हणजे आकाश सावरेल, आणि फ्लॅश एक ते दीड स्टॉप कमी करून मारा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). डोळे उघडे पडतात आणि फ्लॅश मारलाय हे कळतही नाही. आरएक्स१००चा फ्लॅश बोटानं मागे कलता धरता येतो. खोलीत असाल तर तो छताकडे वळवा, मऊ उजेड खाली येतो. शिवाय हे शटर इतकं हळू वाजतं की शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

यांतली बरीच मॉडेल आता नवी सहज मिळत नाहीत. जपानच्या सीपा या उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार अंगभूत लेन्सचे डिजिटल कॅमेरे २०१०मध्ये दहा कोटींहून जास्त बाहेर पडले, २०२३मध्ये वीस लाखही नाहीत. म्हणजे कदाचित वापरलेलाच घ्यावा लागेल. तो आधी हातात घेऊन बघा, नुसत्या फोटोंवर जाऊ नका. पाच-सहा वेळा बंद-चालू करा आणि लेन्स बाहेर येताना कान द्या : करकर ऐकू आली किंवा मध्येच अडखळली तर नको म्हणा. नळीत वाळू किंवा धूळ जाऊन लेन्स अडकणं हे कॉम्पॅक्ट मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. मग सगळ्यात लहान ॲपर्चरवर (लेन्सचं छिद्र सगळ्यात बारीक, म्हणजे एफचा आकडा सगळ्यात मोठा), फोकस मुद्दाम बिघडवून, कोऱ्या आकाशाचा फोटो घ्या आणि मोठा करून बघा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. डीएसएलआरची लेन्स काढून आपण फुंकर मारतो तसं इथे जमत नाही, कॅमेरा उघडावा लागतो आणि ते काम सर्व्हिस सेंटरचंच. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र ताणून लावा, समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे ताडून बघा. तीन कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात आणि चौथ्यातली नाहीत, असं असेल तर लेन्स कधीतरी आपटलेली आहे. बॅटरीचं पोट फुगलेलं नाही ना, तेही बघा.

कॅमेरा निघण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी घरात आला पाहिजे. त्या काळात मोठ्याला हात लावू नका. घरातलंच, रोजचंच टिपत राहा, जोवर न बघता बटणं सापडत नाहीत तोवर.

सेटिंग एकदाच नीट लावा आणि डायलवरच्या कस्टम जागेत जतन करा. ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो), आणि तुमच्या मॉडेलमध्ये सोय असेल तर त्यातच शटरची किमान मर्यादा १/२५०. ही मर्यादा बहुतेक लोक लावत नाहीत. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो घरात १/६०वर उतरतो. कॅमेरा थरथरत नाही, पण माणूस मान वळवतो आणि चेहरा हलतो. स्टॅबिलायझेशन फक्त हाताच्या थरथरीची भरपाई करतं, याला काही करू शकत नाही. आयएसओची वरची मर्यादा एक इंचीवर ३२००, एपीएस-सीवर ६४००. थोडा नॉइज चालतो, हललेला चेहरा चालत नाही. उन्हात एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेवा. छोट्या सेन्सरवर पांढरं पडलेलं परत येत नाही, सावलीतलं बरंचसं रॉमधून वर काढता येतं.

ॲपर्चरच्या बाबतीत डीएसएलआरची सवय इथे आड येते. निसर्गदृश्य दिसलं की हात एफ/११कडे जातो. एक इंचीवर तसं करू नका. एफ/४ला समोरचं-मागचं सगळं स्वच्छ येतं, ५.६च्या पलीकडे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ पडायला लागतं. याची दुसरी बाजूही समजून घ्या : या सेन्सरवरचं एफ/१.८ पार्श्वभूमी जेवढी धूसर करतं, तेवढी फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) जवळपास एफ/५ला होते. म्हणजे मागचं सगळं लोण्यासारखं विरघळून जाईल ही अपेक्षा ठेवू नका. मागे काय आहे ते बघून एक पाऊल डावी-उजवीकडे सरका. माझ्या मते याच सवयीनं फोटो सुधारतात.

जीआर घेतलात तर स्नॅप फोकस शिकून घ्या. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस न शोधता त्याच अंतरावर फोटो घेतो. जीआर ३एक्सवर एफ/८ आणि अडीच मीटर ठेवलं तर साधारण १.६ ते साडेपाच मीटरमधलं सगळं चालण्याइतकं स्वच्छ येतं. २८ मिमीच्या जीआर ३वर तेच सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत. वडील वळून काहीतरी दाखवतात तो क्षण दोन सेकंदही टिकत नाही, तिथे ऑटोफोकसची वाट बघायला वेळ नसतो.

बॅटरी लवकर संपते. सीपाच्या मोजणीनं या कॅमेऱ्यांत एका चार्जवर दोनशे ते तीनशे फोटो निघतात, म्हणून दोन जादा बॅटऱ्या घ्या. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. त्यांची टोकं झाकलेली असू द्या. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे आणि आरएक्स१००ची बॅटरी पाचही भरत नाही, तेव्हा काळजी नको. कॅमेऱ्यासाठी एक खिसा राखून ठेवा, त्यात रुमाल किंवा सुटी नाणी नकोत. रुमालाचे तंतू लेन्सच्या नळीत जातात. वाळूच्या किनाऱ्यावर झिपची प्लास्टिक पिशवी. रोज रात्री फोटोंची एक प्रत दुसरीकडे उतरवा, आणि घरी पोहोचेपर्यंत कार्डावरचं काहीही पुसू नका.

अल्बमची चिंता करू नका. २० मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ४६ × ३१ सेंटिमीटर छापते. अल्बमचं पान एवढं मोठं नसतं.

वडिलांच्या फोटोंबद्दल, माझ्या कामातून आलेलं एक सांगतो. मासिकासाठी कुणाचं पोर्ट्रेट करायचं असलं की आधी मोठ्या कॅमेऱ्यानं ठरलेले फोटो होतात. मोठी लेन्स वर आली की माणसाचे खांदे ताठ होतात, हनुवटी वर जाते. मग मी तो कॅमेरा खाली ठेवतो, झालं म्हणतो, गप्पा सुरू होतात, आणि खिशातला कॉम्पॅक्ट पोटाच्या उंचीवर धरून आणखी काही फ्रेम घेतो. संपादकानं निवडलेला फोटो अनेकदा त्यांतलाच असतो. तुम्हालाही हेच करायचंय. 'बाबा, इकडे बघा' म्हणून एखाददुसरा फोटो त्यांच्यासाठी घ्या, त्यांना तसा फोटो आवडत असेल. पण चालून दमल्यावर ते बाकावर बसतात, बूट सैल करतात, चष्मा पुसतात, तेव्हा तुम्हीही शेजारी बसा आणि कॅमेरा मांडीवर असू द्या. त्यांचं हळू चालणं ही फोटोसाठी अडचण नाही. थांबलेला माणूस आणि बदलता उजेड यासाठी आम्ही व्यावसायिक तासन्‌तास वाट बघतो.

आणि तुम्ही स्वतः फोटोंत दिसल्या पाहिजेत. कुटुंबात जो फोटो काढतो तो अल्बममधून गायब असतो. डायलवर दुसरी एक कस्टम जागा अनोळखी माणसासाठी लावून ठेवा : पूर्ण ऑटो, चेहऱ्यावर फोकस, आणि पाठोपाठ फोटो घेणारा बर्स्ट मोड, म्हणजे त्यानं बटण जरा वेळ दाबून धरलं की चार-पाच फ्रेम येतील आणि एकीत तरी दोघांचे डोळे उघडे असतील. देण्याआधी तुम्हाला हवी तशी एक फ्रेम स्वतः घेऊन त्याला पडद्यावर दाखवा, 'एवढं आलं पाहिजे' म्हणून. वडिलांच्याही हातात अधूनमधून कॅमेरा द्या. पडदा दिसत नाही म्हणाले तर व्ह्यूफाइंडरला त्यांच्या डोळ्याचा नंबर लावून द्या. आरएक्स१००च्या त्या छोट्या व्ह्यूफाइंडरला त्यासाठी एक बारीक खटका असतो, आणि वडिलांना फोटो काढायची हौस असेल तर जीआरऐवजी तो घ्यायला एवढं एक कारण मला पुरेसं वाटेल.